तळेगावचा अर्धा पाट

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात जाऊ नये, असं मला सगळ्यांनी बजावलं. बजावणाऱ्यांतला एकही जण तिकडे कधी गेलेला नव्हता. पण आमच्या पुण्यात सल्ला द्यायला तेवढी पात्रता पुरते. मी स्वतः तरी कुठली गेलेय? लग्नानंतरचं माझं भ्रमण म्हणजे सासर ते माहेर, आणि ही दोन्ही ठिकाणं सदाशिव पेठेतच, एकमेकांच्या गच्चीवरून दिसणारी. अशा बाईनं प्रवासवर्णन लिहावं हे धाडसच. पण प्रवासवर्णन वाचणारे बहुतेक घराबाहेर न पडणारेच असतात, आणि तसे वाचक एकट्या आमच्या नात्यात भरपूर आहेत.

निमित्त माझ्या धाकट्या भावाचं, प्रभाकरचं. तो फोटोग्राफर आहे. लग्नाचे फोटो काढणारा नव्हे, कलात्मक. म्हणजे कमाई तेवढीच कमी. त्याच्या ओळखीच्या एका मंडळानं छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. ज्या बाईचं मन बाईवर बसतं, ज्या पुरुषाचं पुरुषावर, आणि जी माणसं तसंच घर मांडून राहतात, त्यांचे चेहरे आणि त्यांच्या हकिगती. रंगीत टीव्ही नुकते आले होते, तो काळ. असा विषय काढणं म्हणजे फारच पुढचं पाऊल. अध्यक्षांची एक अट होती. शहरातली माणसं नकोत, ती पुस्तकं वाचून बिघडलेली असतात. खेड्यातली, मागे राहिलेल्या समाजातली हवीत.

"ताई, बायका माझ्यासमोर बोलत नाहीत," प्रभाकर म्हणाला. "तुझ्यासमोर भिंतीसुद्धा बोलतात. तू चल."

इथं एक घरगुती गोष्ट सांगून टाकते. प्रभाकर चाळिशीला आलाय आणि बिनलग्नाचा आहे. अरविंद नावाच्या मित्राबरोबर तो नारायण पेठेतल्या एका खोलीत राहतो. पहिल्यांदा दोघं राहायला लागले तेव्हा चित्रा, माझी मुलगी, पाळण्यात होती. आता तिच्यासाठी स्थळं येतात. अरविंद आमच्या घरी गणपतीला येतो, मोदकांच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक काढतो आणि जाताना डबा घेऊन जातो. दोघं एकत्र का राहतात, असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता उत्तर दिलं, "पुण्यात जागेची टंचाई आहे." तेव्हापासून आमच्या घरात हेच नाव आहे त्या गोष्टीला. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. आणि अशा घरातली दोन माणसं, न दिसलेले चेहरे शोधायला निघाली होती, थेट वर्ध्याला.

वडनेर

आगगाडीचा प्रवास वगळते, तो सगळ्यांनाच माहीत असतो. हिंगणघाटहून एस्टीनं वडनेरला उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्याकडे ऊन वरून पडतं. तिथं ते समोरून चालत येतं.

ज्यांच्याकडे जायचं होतं त्या दोघी म्हणजे इंदूबाई आणि कौसाबाई. इंदूबाई सरकारी दवाखान्यात नर्स. मूळच्या नाचणगावच्या, घर छप्पन सालापासून बौद्ध. ओळखीची चिठ्ठी त्यांच्याच एका मैत्रिणीनं दिली होती. कौसाबाई तळेगावच्या कास्तकाराच्या घरच्या. लग्न झालं, मन लागेना म्हणून आठ-पंधरा दिवसांत परत आल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत. वडनेरला इंदूबाईंच्या नावावर घर आणि थोडी जमीन. जमीन कौसाबाई करतात. दोघीही पन्नाशीच्या. एकीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दुसरीचं कपाळ स्वच्छ. बाकी एवढी वर्षं एका चुलीवर जेवल्यानं दोघींचं चालणं, खोकणं, आणि पाहुण्याला आग्रह करणं तंतोतंत सारखं झालं होतं.

आग्रह म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे "जेवून जाताय ना?" असा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर "नको" असंच असतं. तिथं प्रश्नच नाही. ताट समोर येतं. ज्वारीची भाकर, गोळ्यांची कढी, भरीत, आणि कडेला निरुपद्रवी दिसणारा ठेचा. मंडळानं प्रभाकरला बजावलं होतं की चेहऱ्यावरची वेदना टिपून आण. त्या ठेच्याच्या पहिल्या घासाला त्याच्या चेहऱ्यावर जी उमटली ती अख्ख्या दौऱ्यातली सर्वांत अस्सल होती. टिपायला कुणी नव्हतं, एवढंच.

जेवणानंतर त्यानं दोघींना अंधाऱ्या दारात उभं केलं.

"हसू नका," म्हणाला. "कॅमेऱ्याकडे पाहू नका. शून्यात पाहा."

"शून्यात म्हंजे कुठं?" कौसाबाईंनी विचारलं. "तिकडं तं गोठा हाय."

"गोठ्यातच पाहा."

त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम खोल काळजी पसरली. प्रभाकरनं पटकन फोटो काढला. "इंदे," कौसाबाई ओरडल्या, "म्हैस तुह्या वाळवनात तोंड घालून राह्यली न व." इंदूबाई काठी घेऊन धावल्या. वेदनेचा कार्यक्रम तिथं संपला.

"भाऊ, हा फोटो लावान कुठं?" मग कौसाबाईंनी विचारलं.

प्रभाकरनं प्रदर्शन समजावून सांगितलं. मोठं दालन, पांढऱ्या भिंती, लोक येतील, पाहतील, विचार करतील.

"अन् मंग?"

"मग घरी जातील."

कौसाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. छताखाली चौकटींची रांग होती, खाली वाकून आपल्याकडे बघणारी. एका टोकाला बुद्ध. मग कौसाबाईंचा भाऊ आणि भावजय जोडीनं, इंदूबाईंची बहीण आणि मेव्हणे जोडीनं, भाचे, भाच्या. सगळे शेजारच्या स्टुडिओतल्या एकाच रंगवलेल्या तळ्याकाठी. "आमच्याकडं फोटो देनं म्हंजे सोयरीक," त्या म्हणाल्या. "ज्याले द्यावं त्यानं घरात लावावा. तुमच्या मंडळाले आमी काय लागतो? ताई, तुमी लावसान काय तुमच्या घरात?"

मी ह्यांना न विचारता "हो" म्हणून बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मंग चाला तळेगावले," इंदूबाई म्हणाल्या. "तिथं काढा. म्हशीसंग कायले?"

तेव्हा कळलं की त्यांची बांधाबांध चालू होती ती भाच्याच्या लग्नाची. तळेगावला कौसाबाईंच्या भावाकडे, रामभाऊंकडे, दुसऱ्या दिवशी मांडव होता. मांडवाच्या दिवशी नातेवाइकांना आहेर होतात. जोडप्याला एका रुंद पाटावर शेजारी-शेजारी बसवतात, माइकवरून नावं पुकारतात, हातांवर कपडे ठेवतात. पहिला मान नवरदेवाच्या थोरल्या आत्याचा. तिचा आहेर झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नाही, आणि सगळ्यांचे झाल्याशिवाय पंगत नाही. आजवर घरातल्या प्रत्येक कार्यात कौसाबाई त्या पाटावर एकट्या बसल्या होत्या, आणि इंदूबाई लांब कडुनिंबाखाली पाहुण्या बायकांत. या खेपेला कौसाबाईंनी भावाला निरोप धाडला होता: दोघींना एका पाटावर बसव.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पायतो म्हने," कौसाबाई म्हणाल्या. "लहानपनापासून पाहूनच राह्यला थो."

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडताना इंदूबाईंनी प्रभाकरकडे बघत हळूच मला विचारलं, "यायचं लगन झालं काय?"

"नाही. मित्राबरोबर राहतो. बरीच वर्षं." आणि सवयीनं पुढे म्हणाले, "पुण्यात जागेची टंचाई आहे ना."

इंदूबाई हसल्या नाहीत. पाण्याची बादली खाली ठेवली. "मंग त्या भाऊले काऊन नाई आनलं संग?"

भिंतींना बोलतं करणारी मी; मी बादली उचलली आणि उरलेलं अंगण शिंपडायला लागले.

तळेगाव

वडनेरहून तळेगाव म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसरं. तीन एस्ट्या बदलल्या. कौसाबाईंनी वाटेत कंडक्टरच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली, इंदूबाईंनी औषध सांगितलं.

मांडवात पोचताच प्रभाकरची कला संपुष्टात आली. आर्वीचा ठरलेला फोटोवाला दुसऱ्या मोठ्या लग्नाला पळाला होता. गळ्यात कॅमेरा असलेला माणूस पाहताच रामभाऊंनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. आयुष्यभर लग्नाच्या फोटोंना नाकं मुरडलेल्या माझ्या भावानं त्या दिवशी मोठे जावई उभे, मोठे जावई बसलेले, मोठे जावई घड्याळ दिसेल असा हात करून, असे फोटो काढले. "शून्यात पाहा" म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. विदर्भात जावयाला कुठं पाहा हे सांगायचं नसतं.

रामभाऊ माणूस वाईट नव्हे. भित्रा. मांडवाच्या मागे बहिणीला गाठून ते दबक्या आवाजात बोलत होते. दबका आवाज तिकडचा. आमच्याकडे त्याला भांडण म्हणतील.

"बाई, तू समजून घे. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनूनच राह्यले न बावा येवढे वर्षं. दुखलं काय त्याइचं तोंड?"

"मी इंदूबाईले आहेर देतो न. चांगलं पातळ देतो. पन मांगून. अलग."

"अलग तं तू शिपायालेही देतं," कौसाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुपारी माइक खरखरला. "नवरदेवाच्या मोठ्या आत्या, कौसाबाई, वडनेर." कौसाबाई उठल्या, पाटाशी गेल्या आणि बसल्या. मध्ये नव्हे. अगदी डाव्या कडेला. उजवा अर्धा पाट मोकळा. भावजय तबक घेऊन पुढे झाली. कौसाबाईंनी कुंकू लावून घेतलं, पण हात मांडीवर पालथे ठेवले. पालथ्या हातावर आहेर ठेवता येत नाही. त्या रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. एस्टीची वाट पाहावी तशा बसून राहिल्या.

मांडवात कुजबुज सुरू झाली. माझ्या पुढ्यात दोन मातब्बर बसले होते, त्यांच्यामुळे मला आक्षेप सविस्तर कळला. पहिल्याचं म्हणणं, दोन बायांना जोडीचा आहेर कसा? दुसऱ्याचं, त्या जातीच्या बाईला मानाच्या पाटावर कसं? पहिला म्हणाला, आजकाल जात कोण पाहतं भाऊ. दुसरा म्हणाला, जुन्या मैतरनी हायेत, त्यात काय येवढं. अशा रीतीनं दोघांनी एकमेकांचे आक्षेप खोडून काढले, आणि दोघंही नाराजच राहिले.

वेळ जात होता. कापडी मांडवात ऊन गाळून येत होतं. मागच्या बाजूनं वांग्याच्या भाजीचा वास सुटला, मग तोही निवला. लहान मुलं रडायला लागली. मोठ्या जावयांनी दोनदा घड्याळ पाहिलं; या वेळी फोटोसाठी नव्हे. कौसाबाईंनी पदरानं वारा घेतला आणि मोकळ्या अर्ध्या पाटावरचा एक वाळकं पान बोटानं झाडलं. जणू कुणी बसणारच आहे.

अखेर मागून एका म्हाताऱ्या काकांचा आवाज आला. "अरे रामा, बसव न तिले. भात थंडा हून राह्यला. गावाले काय आज मालूम झालं काय?"

पुरोगामी विचार कुठून येतील सांगता येत नाही. तळेगावात ते पोटातून आले.

माइकवाल्यानं रामभाऊंकडे पाहिलं, रामभाऊंनी जमिनीकडे. माइकवाला आपल्या जबाबदारीवर म्हणाला, "नर्सबाईनं पन पाटावर यावं."

कडुनिंबाखालून इंदूबाईंचा आवाज आला, माइकशिवाय मांडवभर. "कोनाले ताप आला काय? नर्सबाईले बलावून राह्यले म्हून इचारते."

बायका हसल्या. पण इंदूबाई जागच्या हलल्या नाहीत. आता अख्ख्या गावाला कळलं की त्यांना कुणी बोलवायचं आहे. रामभाऊ एकटे मांडवाच्या मध्ये उभे होते. एका बाजूला पालथ्या हातांची बहीण, दुसऱ्या बाजूला भुकेला गाव. घामानं त्यांचा नवा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी माइक हातात घेतला. माइकनं शीळ घातली.

"वडनेरच्या," ते म्हणाले आणि थांबले. "कौसाबाई आन इंदूबाई. जोडीनं."

इंदूबाई उठल्या. पदर सारखा केला, वाटेतल्या एका मुलाचं नाक पुसलं आणि जाऊन उजव्या अर्ध्या पाटावर बसल्या. रामभाऊंची बायको कुंकवाचं बोट घेऊन पुढे आली आणि त्या कोऱ्या कपाळासमोर अडखळली. इंदूबाईंनी ओंजळ पुढे केली. वहिनींनी तीत एक मोगऱ्याचं फूल ठेवलं. मग तबकातून दोन पातळं काढली. हिरवी, एकाच काठाची, एकाच पोताची. ऐनवेळी आणलेली नव्हती ती. म्हणजे त्या घरातल्या एका माणसाचा निर्णय आधीच होऊन गेला होता. फक्त त्याच्या हातात माइक नव्हता.

कौसाबाईंनी हात उताणे केले.

"जरा हसा," प्रभाकर म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

"आता शून्यात नाई पाहू काय?" कौसाबाई म्हणाल्या, आणि दोघी एकदम हसल्या. तोच फोटो.

पंगतीत भात खरोखरच थंड होता. दोन्ही मातब्बर माझ्या समोरच बसले होते. दोघांनीही दोनदा मागून घेतला.

पुणे

मंडळानं दोन्ही फोटो पाहिले. अध्यक्षांनी पाटावरचा फोटो पुष्कळ वेळ हातात धरला. "छान आहे," म्हणाले, "पण यात वेगळं काय दिसतं? या तर कुणाच्याही घरातल्या आत्या वाटतात. वेदना कुठे आहे?"

"पंगतीत बसली होती," प्रभाकर म्हणाला. "भाताची वाट बघत."

त्यांना गोठ्याकडे पाहतानाचा फोटो अतोनात आवडला. काय ती नजर, युगायुगांची व्यथा, वगैरे. ती व्यथा म्हशीची आहे हे मी सांगणार होते, पण प्रभाकरनं दोन्ही फोटो पाकिटात घातले. पाटावरचा लावणार नसाल तर दुसराही मिळणार नाही, म्हणाला. प्रदर्शन आमच्याविनाच भरलं. आमच्या जागी एका वठलेल्या झाडाचा फोटो होता. झाडाच्या चेहऱ्यावर म्हणे वेदना होती.

शब्द दिल्याप्रमाणे मी फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावला, ह्यांच्या-माझ्या लग्नातल्या फोटोशेजारी. त्यात हे कॅमेऱ्यावर खटला भरल्यासारखे बसले आहेत आणि मी मागं खुर्ची धरून उभी आहे. चौकटी शेजारी-शेजारी आल्यावर कुठलं जोडपं सुखात आहे हे पाहुण्यांना विचारावं लागत नाही. "या कोण?" असं विचारतात. "वर्ध्याकडच्या आत्या," मी सांगते. शेजारच्या काकू म्हणाल्या, चेहरेपट्टी मिळते हो तुमच्याशी. ह्यांनी फोटो पाहिला, "बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

थंडीत चित्राचं लग्न ठरलं. मामाचा आहेर मानाचा. आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात गुरुजी "मामा-मामी या" म्हणतात, कुणीतरी "मामी नाहीत, एकटेच आहेत" सांगतं, आणि प्रभाकर एकटा येऊन बसतो. त्या वेळी अरविंद कुठे असतो? कोठीत. चित्राच्या लग्नातही नारळापासून मुंडावळ्यांपर्यंत सगळं तोच बघत होता. लक्ष्मी रोडवरून मी दोन धोतरजोड्या आणल्या होत्या, एकाच काठाच्या.

गुरुजींनी नेहमीसारखं पुकारलं. कुणीतरी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. कार्यालयात माइक नव्हता, म्हणून मला ओरडावं लागलं.

"प्रभाकर आणि अरविंद. जोडीनं."

अरविंद कोठीच्या दारात आला, हात पुसत. प्रभाकर माझ्याकडे बघत राहिला. सासूबाईंची जपमाळ थांबली. व्याह्यांकडची मंडळी आमच्याकडे आणि आमची मंडळी सतरंजीकडे बघायला लागली. तळेगावात निदान कुजबुज तरी झाली होती; पुण्यात आम्ही शांततेनंच माणूस मारतो. आणि पाट होता पुणेरी, एका माणसाचा. प्रभाकर त्याच्या कडेला बसला तरी शेजारी जागा उरेना. अरविंद तिथंच घुटमळला, परत फिरणार असं वाटलं.

हे माझ्या शेजारी आपल्या पाटावर सोवळं नेसून बसले होते. ते उठले. आपला पाट उचलला, प्रभाकरच्या पाटाला भिडवून ठेवला आणि स्वतः सतरंजीवर मांडी घातली.

"बसा हो," अरविंदला म्हणाले. "जागेची टंचाई नेहमीचीच."